चाललेले किलोमीटर

लॅपटॉपवरची हिरवी पट्टी एकसष्ट टक्क्यांवर येऊन थांबली.

मी गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसलो होतो. मांडीवर लॅपटॉप, आणि स्टीअरिंगखालच्या सॉकेटमधून आलेली वायर गुडघ्यावरून लोंबत होती. पट्टी थांबली तेव्हा आधी वाटलं, घेत असेल वेळ. मग समोरच्या नव्याकोऱ्या मीटरमधले दिवे हळूहळू मंद व्हायला लागले. डॅशबोर्डच्या आतून कुठूनतरी टकटक असा बारीक आवाज आला, दोनदा, तीनदा. आणि सगळं विझलं. काटे पडले, आकडे गेले. काळ्या काचेत माझाच चेहरा दिसायला लागला.

"झालं का रे अभिनंदन?" व्हरांड्यातून कुमुदिनीमॅडमनी विचारलं.

बॅटरीचं काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं.

ही दोन हजार तेरा सालची, मार्च महिन्यातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. सांगलीला डिप्लोमा केला, एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काढली, मग नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं. मोटरसायकलच्या मागे बॅग, बॅगेत लॅपटॉप आणि स्कॅनर. ज्याची गाडी बंद पडेल त्याच्या दारात जायचं. सांगली-मिरजेत हे काम करणारे तेव्हा आम्ही तिघे-चौघेच होतो आणि त्यात मी सगळ्यात हुशार, अशी माझी स्वतःची समजूत होती.

कुमुदिनी आवटी मिरजेत राहायच्या. वय अठ्ठावन्न. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले होते. घरात त्या कुबड्यांवर फिरत, बाहेर मात्र त्यांची गाडी. छोटीच, ऑटोमॅटिक गिअरची. पायाचे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालवता यावेत म्हणून त्यांनी स्टीअरिंगजवळ एक दांडा बसवून घेतला होता. पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. ती गाडी दुसऱ्या कुणाला धड चालवता येत नसे आणि दुसरी कुठली गाडी मॅडमना चालवता येत नसे.

फेब्रुवारीत गाडी धुताना काचेच्या फटीतून पाणी आत गेलं आणि डॅशबोर्डमागचं मॉड्यूल खराब झालं. लोक त्याला नुसतं मीटर म्हणतात, पण ते मीटरपेक्षा पुष्कळ काही असतं. गाडी किती चालली ते तेच जपून ठेवतं, चावी आपल्या मालकाची आहे की चोराची हे तेच ओळखतं. ते गेलं की गाडीला मालक कोण ते कळत नाही आणि ती जागची हलत नाही. नवं मॉड्यूल यायला बावीस दिवस लागले. ते बसवून त्यात या गाडीची सगळी माहिती भरायची, याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. त्यासाठी मॅडमनी मला बोलावलं होतं.

प्रोग्रॅमिंग करताना गाडीच्या बॅटरीला बाहेरून चार्जर लावायचा असतो. हे मला पाठ होतं. माझा चार्जर एका मित्राकडे इचलकरंजीला राहिला होता. गाडी बावीस दिवस उभी, म्हणजे बॅटरी उतरलेली असणार, हेही समजत होतं. पंधरा मिनिटांचं तर काम, म्हणून मी बसलो होतो.

"अरे, झालं का?" मॅडमनी पुन्हा विचारलं. कुबड्यांचा आवाज पायरीपर्यंत आला.

मी गाडीतून उतरलो. "मॅडम, पीसच खराब आलाय," मी म्हणालो. "आतून डेड आहे. कंपनीचा फॉल्ट."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. संशय नव्हता त्या बघण्यात. उलट मला वाईट वाटत असेल म्हणून त्यांनाच वाईट वाटत होतं.

"तुझा काय दोष त्यात," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी मला जतला जायलाच हवं. आज गुरुवार."

"बघतो मी काहीतरी," म्हणून मी निघालो. सोमवारी जतला काय आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही.

त्यांनी लगेच पार्टच्या दुकानात फोन केला. काउंटरवर कल्लाप्पा बिरनाळे नावाचे गृहस्थ होते, पन्नाशीचे, फार सरळ माणूस. ते म्हणाले, पीस खराब येणार नाही, मी स्वतः सील बघून दिलाय, आणि दुसरा हवा असेल तर पुन्हा तीन आठवडे लागतील. मॅडमचा आवाज चढला. शुक्रवारी त्यांनी बिरनाळ्यांच्या नावानिशी मुख्य ऑफिसला तक्रारीचं पत्रही धाडलं. हे त्यांनीच मला शुक्रवारी संध्याकाळी फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "खराब माल द्यायचा आणि वर आपलंच खरं करायचं! सोडणार नाही मी."

मी "हो मॅडम" म्हणालो. ते "हो मॅडम" अजून माझ्या कानात आहे.

"आणि ऐक," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी दोन्ही मॉड्यूल घेऊन लक्ष्मी मार्केटच्या मागे ये. जुनं आणि नवं. रेहाना शिकलगार म्हणून एक बाई आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची कानाची मशिनं त्याच दुरुस्त करतात."

कानाची मशिनं! मी फोन ठेवून एकटाच हसलो होतो.

दुकान म्हणजे तीन पायऱ्या चढून दहा बाय आठची एक खोली. भिंतीला उघडे रेडिओ, सेट-टॉप बॉक्स, मिक्सरच्या मोटारी. खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग लावलेला दिवा, आणि त्याच्या मागे पंचावन्न-छप्पन्नच्या एक बाई, डोक्यावरून फिकट निळी ओढणी, नाकावर चष्मा, चष्म्यावर आणखी एक चष्मा. मॅडम रिक्षातून आधीच येऊन बसल्या होत्या. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

"चाची, हा अभिनंदन मगदूम," मॅडम म्हणाल्या. "लॅपटॉपवाला."

"बस बाबा," रेहानाचाचींनी माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. "आण इकडं."

मी दोन्ही मॉड्यूल टेबलावर ठेवली आणि, माझं ज्ञान दिसावं म्हणून, भराभर सांगायला लागलो, कुठला प्रोसेसर आहे, कुठला प्रोटोकॉल आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला त्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "मी सातवी. ह्याची वही कुठं आहे तेवढं दाखव."

"वही?"

"लिहून ठेवतंय ते. वीज गेली तरी विसरत नाही ते."

मी जुन्या मॉड्यूलचं झाकण काढून बोट ठेवलं. तिळाच्या चार दाण्यांएवढी काळी आयसी, दोन्ही बाजूंना चार-चार पाय. बाकी बोर्डावर पाण्यानं हिरवा गंज चढला होता. आयसी मात्र कोरडी होती.

चाचींनी भिंग ओढलं, हॉट एअर गन सुरू केली आणि गरम हवेचा झोत त्या आयसीभोवती हळूहळू फिरवायला लागल्या. मी वर्कशॉपमध्ये लोकांना हे करताना बघितलं होतं. ते झोत धरतात आणि वाट बघतात. चाचींचा हात थांबतच नव्हता, आणि घाईतही नव्हता. तव्यावर भाकरी फिरवावी तसा तो गोल जात होता. एका क्षणी, मला काहीच फरक दिसला नव्हता, त्यांनी चिमट्यानं आयसी उचलली. बोर्डावर आठ चंदेरी ठिपके राहिले, एकसारखे, एकही फिसकटला नव्हता.

"कसं कळलं सुटली ते?" मी विचारलं.

"डाखाची चमक बदलते," त्या म्हणाल्या.

मी त्यानंतर शेकडो वेळा ती चमक बघायचा प्रयत्न केला आहे. ती दिसायला लागायला मला दीड वर्ष लागलं.

आयसी एका छोट्या डबीत बसवून त्यांनी ती जुन्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर आकडे आणि अक्षरं आली, ओळीच्या ओळी, दोन-दोनच्या जोड्यांनी. मी आजवर हे असं उघडं कधी वाचलंच नव्हतं. मला सॉफ्टवेअर सांगायचं, चावी इथं, किलोमीटर तिथं. इथं नुसती अक्षरांची पेरणी होती.

"बाई," चाचींनी मॅडमना विचारलं, "गाडी बंद पडायच्या आधी किती किलोमीटर झालेले?"

मॅडमनी पर्स उघडली. "मीटर काळा झाला तो घरीच. त्या दिवशी कवठेमहांकाळला पेट्रोल भरलं होतं. पावतीवर लिहून घेते मी नेहमी." पावती सापडली. "अडुसष्ट हजार दोनशे चौदा. तिथून थेट घरी आले."

चाचींनी एका पाकिटाच्या पाठीमागे पेन्सिलीनं तो आकडा लिहिला आणि त्याला सोळानं भागत सुटल्या. बाकी लिहायची, पुन्हा भागायचं. कॉम्प्युटर सोळाच्या पटीत मोजतो, आणि मी ते गणित कॉलेजात शिकून परीक्षेनंतर विसरलो होतो.

"हे कुठं शिकलात?"

"आमचे वालिद, वडील, आण्यांत हिशेब करायचे. सोळा आणे झाले की पुढचा रुपया. हे तसंच आहे की. फक्त दहाच्या पुढं ए, बी, सी करत जातात." त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं आणि पडद्यावर बोट फिरवायला लागल्या, ओळीमागून ओळ, तांदूळ निवडताना फिरतं तसं. रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

बोट थांबलं.

"हे बघ. शून्य एक, शून्य ए, नऊ एफ. इथं आहे, खाली परत आहे, आणि त्याच्या खाली परत आहे. तीन जागी तीच. पुसलं जाऊ नये म्हणून तीनदा लिहितंय." त्यांनी पाकिटावर उलटा गुणाकार केला. "अडुसष्ट हजार दोनशे... पंचावन्न."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "काय म्हणालात?"

"पावतीपेक्षा एकेचाळीस जास्त."

"पंपापासून माझं घर एकेचाळीस किलोमीटर आहे," मॅडम म्हणाल्या.

तिळाएवढ्या त्या तुकड्यात, पाण्यानं मेलेल्या बोर्डावर, बाईंचं घरापर्यंतचं शेवटचं येणंसुद्धा जपून ठेवलेलं होतं. आणि सातवी शिकलेल्या एका बाईनं ते पेन्सिलीनं शोधून काढलं होतं. मी ज्या मशिनाला हुकूम सोडत होतो त्याच्याशी ही बाई बोलत होती.

आपणही काही बोलावं म्हणून मी म्हणालो, "चाची, नव्यात भरताना किलोमीटर कमी पण करता येतील ना? पाच हजार टाकू. गाडी नवी वाटेल, विकताना फायदा."

चाचींनी मॅडमकडे बघितलं.

"माझ्या पायांनी मी आयुष्यात फार तर चार-पाच किलोमीटर चालले असेन," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बाकीचे ते आहेत. ते माझे आहेत तेवढे ठेवा."

मी मान खाली घातली.

मग चाचींनी नवं मॉड्यूल उघडलं. त्याची आयसी न काढता आधी नुसत्या सुया टेकवून आत काय आहे ते वाचलं. पडद्यावर ओळी आल्या. अर्ध्याच्या थोडं पुढपर्यंत अक्षरं भरलेली, आणि मग एके ठिकाणाहून खाली एफ एफ, एफ एफ, एफ एफ. शेवटपर्यंत तेच. कोरं.

कारखान्यातून आलेला नवा तुकडा सगळाच कोरा असतो. खराब असेल तर काहीबाही वाचतो. हा तसा नव्हता. हा कुणीतरी लिहिता लिहिता सोडून दिलेला होता.

चाचींनी पडदा थोडासा माझ्या बाजूला वळवला. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. पाच सेकंद असेल. मग पडदा परत सरळ केला.

"ह्याचं डोकं शाबूत आहे," त्या मॅडमना म्हणाल्या. "वही अर्धवट आहे. पूर्ण लिहिली की होईल."

"म्हणजे कंपनीनं अर्धवट पाठवलं?" मॅडमनी विचारलं.

चाचींनी हॉट एअर गन उचलली. "ती काढते आधी," एवढंच म्हणाल्या.

झोत फिरत होता. मी त्या हाताकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, की आता त्या बोलतील, आता बोलतील. त्यांनी चिमटा खाली नेला, आयसी उचलली आणि उचलताच त्यांचा हात थबकला. भिंग जवळ ओढून त्या वाकल्या.

आयसीच्या एका पायाबरोबर बोर्डावरची तांब्याची पट्टीही उचलून आली होती. केसाएवढी. मीही वाकून बघितलं म्हणून कळलं, एरवी कुणाच्या बापाला समजलं नसतं. आणि हे तीन आठवड्यांत मिळणारं एकुलतं एक मॉड्यूल होतं.

चाचींनी चिमटा खाली ठेवला. गन बंद केली. दोन्ही चष्मे काढले आणि खुर्ची मॅडमकडे वळवली.

"बाई, माझ्या हातून एक चूक झाली. आतली एक वाट तुटली. उष्णता एका बाजूला कमी पडली. वायर टाकून जोडते. चालेल, पण न चाललं तर दोष मॉड्यूलचा नाही, माझा आहे. सांगून ठेवते."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "जोडा तुम्ही."

बस, एवढंच झालं. चाचींनी चष्मे परत लावले आणि एका जुन्या इअरफोनची वायर सोलायला घेतली. त्यातली एक तार वेगळी केली. ती बोटांत दिसतसुद्धा नव्हती, नुसती चकाकत होती.

"मॅडम," मी म्हणालो. "पीस खराब नव्हता. गुरुवारी चार्जर लावला नव्हता मी. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरी बसली. एकसष्ट टक्क्यांवर. मीच घालवलं ते."

चाचींचा सोल्डरिंग आयर्न तापत होता. त्यांनी वर बघितलं नाही.

मॅडमनी पेट्रोलची पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.

"तुला ठाऊक आहे सोमवारी काय आहे?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"विचारलंही नाहीस. जत तालुक्यातल्या चाळीस मुलांचा कॅम्प आहे. ज्यांचे पाय माझ्यासारखे आहेत किंवा माझ्याहून वाईट, ती मुलं. पुण्याहून पायाला बांधायचे कॅलिपर बनवणारे कारागीर सहा महिन्यांतून एकदा येतात. कुठल्या मुलाचा कुठला स्नायू चालतो ते माझ्या वहीत आहे आणि माझ्या हातांना ठाऊक आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून तीस वर्षं मी हेच करते. मी गेले नाही तर ती मुलं आणखी सहा महिने जमिनीवर." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होता. "आणि बिरनाळे! त्या माणसाला मी काय काय बोलले, अभिनंदन. पत्र लिहिलं मी. तू ऐकून घेतलंस."

"हो."

"फोन लाव. माझ्या नाही, तुझ्या फोनवरून. आणि मोठ्यानं बोल, मला ऐकू येऊ दे."

मी लावला. बिरनाळ्यांना मी काय बोललो ते शब्द मला आठवत नाहीत. त्यांचे आठवतात. ते म्हणाले, "तरी मी म्हणत होतो. सील मी स्वतः बघितलं होतं." मग म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत ते. दोन दिवस घरात जेवण गोड लागत नव्हतं मला. वीस वर्षांत माझ्या नावानं पत्र गेलं नव्हतं."

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. "बिरनाळेसाहेब, कुमुदिनी आवटी बोलतेय. माझं चुकलं. आत्ताच दुसरं पत्र लिहिते." आणि खरोखर त्यांनी चाचींकडून कागद मागून घेतला आणि मांडीवर धरून लिहायला लागल्या.

इकडे चाची वाकल्या होत्या. दिव्याच्या गोल उजेडात फक्त त्यांची बोटं होती. ती चकाकणारी तार त्यांनी आयसीच्या पायापासून अर्ध्या सेंटिमीटरवरच्या एका ठिपक्यापर्यंत नेली. श्वास सोडला, आणि सोडलेल्या श्वासातच आयर्नचं टोक टेकवून उचललं. मग दुसरं टोक. भिंगातून बघितलं तर तुटलेल्या वाटेच्या जागी एक नवी वाट होती, मूळच्यापेक्षा सरळ.

तार जोडायच्या आधीच, मॅडम पत्र लिहीत असताना, त्यांनी नव्या आयसीत जुन्यातलं सगळं उतरवून घेतलं होतं. चावी, गाडीचा नंबर, आणि तीन जागी लिहिलेले अडुसष्ट हजार दोनशे पंचावन्न. ती बोर्डावर परत बसवण्याआधी दोनदा ताडून बघितलं. दुसऱ्या वेळी मला वाचायला लावलं आणि स्वतः जुन्या पानावर बोट ठेवून ऐकत राहिल्या. चार वाजून गेले होते.

मॅडमना रिक्षात बसवून मी मॉड्यूल न्यायला परत वर आलो.

"चाची, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"लिखाण कुठं थांबलं ते दिसतंच की."

"मग बोलला का नाहीत?"

"मला मशिन दुरुस्त करायला बोलवलं होतं," त्या म्हणाल्या आणि मॉड्यूल वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "उद्या चार्जर लाव."

रविवारी सकाळी सात वाजता मी इचलकरंजीहून चार्जर घेऊन मॅडमच्या दारात होतो. आधी बॅटरीला चार्जर लावला, मग मॉड्यूल बसवलं, वायरी जोडल्या, स्क्रू आवळले. मॅडम ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, मी बाहेर उभा. त्यांनी चावी फिरवली. मीटरच्या कोपऱ्यात चावीचं छोटं लाल चित्र लुकलुकायला लागलं. गाडी विचार करत असते तेव्हा ते लुकलुकतं. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. मग ते विझलं.

ओळखलं तिनं.

सगळे काटे एकदम टोकापर्यंत जाऊन परत आले, आणि खाली आकडा उमटला. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला. मग इंजिन सुरू करून दांडा ओढला आणि इंजिनाचा आवाज अंगणभर झाला. त्या डोळे मिटून दोन मिनिटं तशाच बसल्या, एक हात स्टीअरिंगवर ठेवून. मी दुसरीकडे बघितलं.

"उद्या सोबत येशील?" त्या म्हणाल्या. "वाटेत काही झालं तर."

वाटेत काहीही होणार नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

पुढच्या चार वर्षांत मी निम्मा वेळ लक्ष्मी मार्केटच्या मागच्या त्या दहा बाय आठच्या खोलीत काढला. चाचींनी मला कधी शिकवलं असं नाही, त्यांनी मला शेजारी बसू दिलं. आता माझं स्वतःचं दुकान आहे आणि माझ्याकडून काही बिघडलं तर गिऱ्हाईकाला मी ते आधी सांगतो. लोक त्याला माझा स्वभाव समजतात. पण माझ्यात जे बदललं ते त्या शनिवारी पूर्ण झालं नव्हतं. ते झालं सोमवारी.

जतच्या पुढे एका गावातल्या शाळेत कॅम्प होता. आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि पटांगणावर ऊन तापायला लागलं होतं. लिंबाखाली सतरंज्या होत्या. सतरंज्यांवर मुलं. कुणी बसलेलं, कुणी पडलेलं, कुणी आईच्या मांडीवर आडवं. काही बाया पोरांना पाठीवर घेऊन आठ-दहा किलोमीटर चालत आल्या होत्या. मॅडमची गाडी फाटकातून आत आली तशा त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. एक बाई नुसती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आल्या गं बाई."

पुण्याचे कारागीर मागच्या वेळच्या मापांचे कॅलिपर घेऊन आले होते. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, जाड तळाचे बूट. मॅडम एका बुटक्या स्टुलावर बसल्या आणि कुबड्या माझ्याकडे दिल्या. एकेक मूल त्यांच्यापुढे यायचं. त्या पायावरून हात फिरवायच्या, इथं दाबायच्या, तिथं विचारायच्या, आणि कारागिराला सांगायच्या, "गुडघ्याचा पट्टा दोन बोटं वर. हिला टाचेला आधार जास्त लागेल." रेहानाचाचींचं बोट पडद्यावर फिरत होतं ना, अगदी तसा तो हात फिरत होता.

अकराच्या सुमारास महानंदा नावाच्या मुलीची पाळी आली. वय नऊ. आईनं पाठीवरून खाली उतरवली. बरोबर तिची सहा वर्षांची धाकटी बहीण होती, झिपरी, नाकात चमकी, एका जागी न थांबणारी. महानंदा जन्मापासून कधी उभी राहिली नव्हती. मॅडमनी तिच्या दोन्ही पायांना कॅलिपर चढवले, सगळे पट्टे स्वतः आवळले, गुडघ्याशी पाय सरळ धरणारी कुलपं तपासली. मग मला म्हणाल्या, "तू त्या बाजूनं धर. ओढू नकोस. तिची ती उठेल."

मी तिच्या काखेखाली हात दिला. हलकी होती, आणि थरथरत होती. तिनं दोन्ही मुठींनी समोर रोवलेली लोखंडी दांडी पकडली, ओठ आत घेतले, आणि उठली. कुलूप खट् करून बसलं. मॅडमनी खूण केली तसा मी हात काढून घेतला.

ती उभी होती.

महानंदानं आधी समोर बघितलं, मग आईकडे, मग शेजारी उभ्या असलेल्या बहिणीकडे. बहिणीकडे ती बघतच राहिली. सहा वर्षं ती त्या पोरीकडे जमिनीवरून, मान वर करून बघत आली असणार. आता तिला मान खाली करावी लागत होती.

"आई," ती म्हणाली, "मी हिच्यापरास उंच हाय!"

"हायसच की," आई म्हणाली. "थोरली हायस तू."

धाकटीनं तिच्याकडे डोळे मोठे करून बघितलं, आणि मग तिच्या जवळ जाऊन, तिचा हात धरून उभी राहिली.